तारवाचा हिशेब आणि नायकाची उडी

गेल्या जुलैत मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, आणि आम्ही पाच जण मालवणात एका माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत बसलो होतो. यात प्रत्येक जण एक कल्पित पात्र होऊन ते काय करते ते सांगतो, आणि ते जमले का ते फासा ठरवतो. आमच्यातला एक गडी दशावतारात पखवाज वाजवतो. त्याचा शिलेदार शत्रूच्या गलबतावर चढला होता. तो म्हणाला, "मी डोलकाठीवरसून दोरी धरून उडी मारतंय आणि तांडेलाच्या छातीर दोनय पाय घालतंय." आम्ही सगळे पुढे सरकलो. वीस बाजूंच्या फाशावर 14 पडले. घाव लागला, इजा 6. तांडेलाचे हिट पॉइंट, म्हणजे तो अजून किती इजा सोसेल तो आकडा, 38 उरले. पुढचा पाऊण तास एक आकडा 38 वरून शून्यावर आणण्यात गेला, आणि ती उडी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

हे का झाले, ते समजायला हिट पॉइंट कुठून आले ते पाहावे लागते. ते समुद्रावरून आले.

अमेरिकेत 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी चेनमेल नावाचे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम छापले. त्यात साधा शिपाई एका घावात पडे. ‘हिरो’ चार माणसांच्या बळाने लढे, आणि त्याला मारायला एकाच वेळी चार घाव लागत. आज वाचताना वाटते, नायकाला वेगळे मोजण्याची जाण त्या पहिल्या नियमांतच होती. पण त्यात अधलेमधले काही नव्हते. नायक उभा असे, नाहीतर मेलेला असे. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन आपल्या मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या कल्पित मुलखात खेळवत होता. राक्षस एका घावात मेला तर गडी खूश, पण आठवडेच्या आठवडे जपलेले आपले पात्र एका फाशात गेलेले कुणालाच नको होते. तेव्हा आर्नेसनने स्वतःच्याच जुन्या नियमांकडे हात घातला. अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्यांच्या जहाजांसाठी त्याने ते केले होते. चिलखताचा दर्जा आणि हिट पॉइंट ही दोन्ही मोजमापे तिथून आल्याचे त्याने पुढे मुलाखतीत सांगितले. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडला, तेव्हा ती मोजमापे त्यात पक्की बसलेली होती.

आम्ही बंदरावरची माणसे असल्यामुळे यातली मेख आम्हांला लगेच कळते. जहाज घाव चुकवत नाही. ते सोसते, सोसत राहते आणि एका क्षणी बुडते. तगले तर बंदराला लागून कलाफत करून, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवून, घेते. हा हिशेब गलबताला शोभतो. माणसाला लावला की दोन तलवारबाज दोन गलबतांसारखे एकमेकांसमोर उभे राहून भोके पाडत बसतात. गायगॅक्सलाही हे खटकत असावे. 1979 च्या गेम मास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, पुस्तकात त्याने बरेच शब्द खर्चून समजावले, की हे आकडे म्हणजे नुसते रक्तमांस नव्हे, त्यात कसब आहे, नशीब आहे, दैवी कृपा आहे. त्या नियमांत लढाईची एक फेरी एका मिनिटाची होती. हुलकावण्या, अडवलेले वार हे सगळे त्या मिनिटात धरलेले आणि फासा फक्त लागू पडलेल्या घावाचा. समजूत चांगली होती. पण ती समजूतच राहिली, खेळणाऱ्याच्या हाताला त्यातून काही लागले नाही.

काहींनी खरेपणाची वाट धरली. 1978 च्या रूनक्वेस्टमध्ये हात, पाय, डोके यांचे घाव वेगळे मोजले जातात. तो खेळ मला आवडतो, पण त्यात डोलकाठीवरून उडी मारणारा बहुधा पाय मोडून घेतो.

दुसरी वाट सिनेमाकडे जाणारी. 1983 च्या जेम्स बाँड खेळात खेळाडूला ‘हिरो पॉइंट’ मिळाले. ते खर्चून लागलेल्या फाशाचा निकाल आपल्या बाजूने वळवता येई, आणि पाठलागात दोन्ही बाजू धोका किती पत्करायचा याची बोली लावत. नायकाचे नशीब असे खेळाडूच्या मुठीत आले. 1990 च्या टॉर्गने त्यासाठी पत्ते वाटले. (सावंतवाडीची 120 पानांची दशावतारी गंजिफा या कामाला किती देखणी दिसेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.)

खरे वळण 1996 साली आले. रॉबिन लॉज यांच्या फेंग शुई नावाच्या खेळाने हाँगकाँगच्या मारधाडपटांची रीत नियमांत आणली. बिननावाच्या गुंडांचे आकडे मोजायचेच नाहीत, घाव पुरेसा बसला की गडी आडवा. वर्णन झोकदार केले म्हणून फासा अवघड करायचा नाही. खेळाडूने शिडी मागितली आणि त्या जागी शिडी असणे शक्य असेल, तर शिडी आहे. 2001 चा एक्झाल्टेड याच्या पुढे गेला. वर्णनाला एक जादा फासा, आजूबाजूच्या वस्तू वापरल्या तर दोन, सगळे थक्क झाले तर तीन. डॅनियल बेन यांच्या वूशूमध्ये तर प्रत्येक तपशिलाला एक फासा आहे, आणि तुम्ही सांगितले ते घडलेच. फासा फक्त सांगतो की त्याने लढाई किती पुढे सरकली.

वूशूचे नियम पखवाजवाल्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "ह्या तर आमचाच." खरेच आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले, राक्षस मरणार हे जत्रेतल्या पोरालाही ठाऊक. संवाद आणि युद्ध तिथल्या तिथे उभे राहते. मांडावर एक बाकडे, तेच सिंहासन, तेच डोंगर. दोन राजे त्याच्याभोवती गिरक्या घेतात, आणि कोण जिंकेल यापेक्षा तो कसा जिंकतो यासाठी माणसे रात्रभर जागतात. सिनेमातल्या लढाईचेही तेच आहे. जहाजाच्या हिशेबात सगळी उत्कंठा ‘कोण’वर टांगलेली, म्हणून ‘कसे’ला जागा उरत नव्हती.

मूळ खेळालाही हे उशिरा पटले. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत एकच हिट पॉइंट असलेले शत्रू आले. 2013 च्या थर्टीन्थ एजमध्ये टेबलाच्या मधोमध सहा बाजूंचा मोठा फासा ठेवतात. दुसऱ्या फेरीला तो 1 दाखवतो, मग प्रत्येक फेरीला एकेक चढत 6 वर जातो, आणि तेवढी भर नायकांच्या प्रत्येक हल्ल्यात पडते. लढाई लांबली की रटाळ न होता ती चढते. पखवाजाची लय युद्धात चढते ना, अगदी तशी.

आम्ही तो फासा घेतला, एक्झाल्टेडचे जादा फासे घेतले, आणि तांडेलाच्या माणसांचे आकडे खोडून टाकले. ऑगस्टमध्ये तीच लढाई पहिल्यापासून खेळलो. मधला फासा 4 वर होता, बाहेर पन्हळ वाजत होती, आणि पखवाजवाला दोन्ही हातांनी टेबलावर ठेका धरून उडीचे वर्णन करत होता. डोलकाठी, भिजलेली दोरी, शिडाची फाटकी कड. या वेळी फाशावर 3 पडले, घाव चुकला. तरी तो ठेका थांबेना. दोरी तुटून शीड तांडेलाच्या अंगावर कोसळले असे त्याने सांगितले, आणि तांडेल चालवणाऱ्या माझ्या बहिणीने आपला सोंगट्यांतला प्यादा स्वतःच आडवा केला.