कोरियन युद्धकला : अनेक शैलींचा सराव आणि प्रसार

कोरियात रुजलेल्या, तसेच विसाव्या शतकात तिथे नव्याने घडवलेल्या लढण्याच्या पद्धतींना मिळून कोरियन युद्धकला म्हणतात; कोरियन भाषेत 'मुये' किंवा 'मुसुल'. लाथांचा तायक्वांदो, सांधे अडकवण्याचा आणि फेकींचा हापकिडो, कराटेच्या जवळचा तांगसूडो, झुलत्या पावलांचा तेक्क्योन, वाळूतली कुस्ती सिरम, कुमडो व हायदोंग कुमडो या तलवारीच्या पद्धती आणि गुकगुंग ही धनुर्विद्या हे त्यांतले मुख्य प्रकार. यांपैकी तायक्वांदो महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. तरी सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरे गणवेश दिसले की पालक 'कराटेचा क्लास' असेच म्हणतात. ही गल्लत अगदीच बिनबुडाची नाही.

इतिहास

राजा जोंगजोच्या आज्ञेवरून १७९० मध्ये 'मुयेदोबोतोंगजी' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. यी दोक-मू आणि पाक जे-गा हे विद्वान आणि पेक दोंग-सू हा योद्धा यांनी तो सिद्ध केला. त्यात २४ विद्या आहेत : तलवार, भाला, ढाल, घोड्यावरून लढणे. निःशस्त्र लढत, म्हणजे 'क्वोनबोप', हे त्यातले एकच प्रकरण. आजच्या लाथांची परंपरा या ग्रंथापासून थेट चालत आली असे सांगण्याची प्रथा आहे, पण त्याला आधार तोकडा आहे.

१९१० ते १९४५ या जपानी अमलात स्थानिक प्रकार मागे पडले आणि जपानमध्ये शिकायला गेलेले कोरियन तरुण कराटे घेऊन परतले. १९४४ नंतरच्या काही वर्षांत सोल आणि आसपास 'क्वान' नावाच्या तालमी उघडल्या. ली वोन-कुक यांची चोंगदो-क्वान, नो ब्योंग-जिक यांची सोंगमू-क्वान, ह्वांग की यांची मूदोक-क्वान या त्यांतल्या नावाजलेल्या. ली आणि नो दोघेही शोतोकान कराटे शिकलेले होते, म्हणून सुरुवातीचे पुमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, कराटेच्या कातांवरच बेतलेले होते. 'तायक्वांदो' हे नाव १९५५ मध्ये पुढे आले. जनरल चोई होंग-ही यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ (आयटीएफ) स्थापला आणि १९७२ मध्ये ते त्याचे ठाणे कॅनडात घेऊन गेले. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्कीवोन ही मुख्य संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये जागतिक महासंघ. आज एकाच नावाचे दोन तायक्वांदो दिसतात ते या फाटाफुटीमुळे.

वेगवेगळ्या क्वान तायक्वांदो या एका नावाखाली विलीन होत असताना ह्वांग की त्यात शेवटपर्यंत सामील झाले नाहीत. त्यामुळे तांगसूडो आणि ह्वांग की यांचीच सुबाकडो ही पद्धत वेगळ्या राहिल्या. मूदोक-क्वान परंपरेत काळ्याऐवजी गडद निळा पट्टा बांधतात तो त्यांच्याकडून आलेला. हापकिडोचे मूळ पुरुष चोई योंग-सुल जपानमधून परतून देगू शहरात स्थायिक झाले. त्यांच्या डावांचे दाइतो-र्यू या जपानी पद्धतीशी जवळचे नाते दिसते. त्यात लाथांची भर पुढे त्यांचे शिष्य जी हान-जे यांनी घातली. खरोखर जुना म्हणावा असा तेक्क्योन मात्र जेमतेम वाचला. सोंग दोक-गी (१८९३–१९८७) यांच्यासारख्या एखाद्या वृद्ध जाणकारामुळे तो टिकला, १९८३ मध्ये त्याला कोरियन सरकारचे वारसासंरक्षण मिळाले आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान.

शैलींमधला खरा फरक

पोशाख आणि आरोळ्या सारख्याच वाटतात, म्हणून नवख्याला या शैली एकमेकींसारख्या दिसतात. फरक पाहायचा तो अंतरात. ऑलिंपिक तायक्वांदोचा खेळाडू एका लाथेच्या अंतरावर उभा असतो, हापकिडो मनगट पकडले गेल्यावर सुरू होतो, सिरममध्ये लढत सुरू होण्यापूर्वीच दोघांचे उजवे खांदे एकमेकांना टेकलेले असतात आणि गुकगुंगमध्ये निशाण १४५ मीटरवर असते.

सिरम मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्याकडे तांबडी माती, तिथे ८ मीटर व्यासाचे वाळूचे रिंगण. कमरेला आणि उजव्या मांडीला 'सात्बा' नावाचा लांब कापडी पट्टा बांधतात. उजव्या हाताने प्रतिस्पर्ध्याच्या कमरेचा पट्टा धरायचा, डाव्या हाताने मांडीचा. गुडघा किंवा त्याच्या वरचा कोणताही भाग वाळूला लागला की डाव गेला. चीतपट करून पाठ टेकवण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे आपल्या मल्लाला सवयीची असलेली खाली जाऊन लढण्याची चाल इथे थेट हार ठरते. चुसोक या सणातल्या मोठ्या दंगलीत विजेत्याला बैल देण्याची जुनी रीत होती. उत्तर आणि दक्षिण कोरियाने वेगवेगळे अर्ज केले होते, पण २०१८ मध्ये सिरम दोघांच्या नावाने एकत्रच युनेस्कोच्या यादीत गेला.

तेक्क्योनचा पाया 'पुम-बाल्गी' हे त्रिकोणी पाऊल. जमिनीवर तीन बिंदू कल्पायचे, गुडघे सैल ठेवून वजन या बिंदूवरून त्या बिंदूवर झुलते ठेवायचे. सामन्यात एक पाय सतत प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात ठेवावा लागतो, त्यामुळे लांब पळून खेळता येत नाही. पाडले किंवा चेहऱ्याला लाथ लागली की निकाल. अंगावरची लाथ ढकलणारी असते, फोडणारी नाही.

गुकगुंगचे मैदान शांत असते. पहिला बाण सोडण्यापूर्वी धनुर्धर 'धनुष्य शिकतो' असे म्हणतो आणि बाकीचे 'पुष्कळ लागोत' असे उत्तर देतात. एका फेरीत ५ बाण. पाचही लागले तर पहिल्यांदा ते साधणाऱ्याला 'जोप्जांग' ही पदवी मिळते. म्हशीचे शिंग, बांबू, तुती, प्राण्याचे स्नायू आणि माशाचा सरस यांचे पारंपरिक धनुष्य दमट हवेत ढिले पडते, म्हणून ते ऊब दिलेल्या पेटीत ठेवतात. नवशिका कृत्रिम धाग्याच्या धनुष्यानेच सुरुवात करतो.

सराव : बारकावे आणि चुका

लाथांमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी 'दोल्ल्यो चागी'. आधी मागच्या पायाचा गुडघा सरळ समोर उचलायचा, मग टेकलेल्या पायाचा चवडा फिरवून टाच लक्ष्याकडे आणायची, त्याबरोबर खुबा उलटतो आणि सगळ्यात शेवटी नडगी सुटते. लाथ लागल्यावर गुडघा दुमडूनच पाय खाली येतो. नव्वद टक्के बिघाड टेकलेल्या पायात असतो असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टाच फिरली नाही तर वरचे अंग वळते, घोटा जागेवर राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यातल्या कूर्चेवर येतो. घामाने ओल्या झालेल्या फोमच्या चटईवर पाय चिकटतो तेव्हा हे हमखास घडते. दोन चटयांच्या फटीत अंगठा अडकणे हा याचाच भाऊ.

पवित्र्यांची मापे आपल्याच पावलाच्या, म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या, लांबीत मोजतात. कुक्कीवोन पद्धतीत 'आप सोगी' म्हणजे चालताना पडते तेवढे, साधारण ३ पावलांच्या लांबीचे अंतर. 'आप कुबी' ४.५ पावले, पुढचा गुडघा वाकलेला. 'द्वित कुबी'मध्ये ७० टक्के भार मागच्या पायावर. आयटीएफचा विद्यार्थी कुक्कीवोनच्या वर्गात आला की पहिल्याच दिवशी अडतो तो इथे, कारण त्याच्या पुमसेत अंग लाटेसारखे वरखाली होते आणि इथे डोके एका उंचीवर राहावे लागते.

हापकिडोत पहिला धडा मनगट सोडवण्याचा. पकडणाऱ्याची चार बोटे एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा. कच्ची जागा ती. बोटे ताठ फाकवायची म्हणजे मनगट फुगते, एक पाऊल आत टाकायचे, कोपर पकडणाऱ्याकडे न्यायचे आणि मनगटाची कड अंगठ्याच्या फटीतून काढायची. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो : खांद्याने मागे ओढतो. मग ती रस्सीखेच होते आणि जास्त वजनाचा जिंकतो.

फेकी शिकण्याआधी पडणे, म्हणजे 'नाकबोप', शिकावे लागते. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, हात अंगापासून ४५ अंशांवर आणि तळहातापासून कोपरापर्यंतचा भाग एकदम जमिनीवर आपटायचा. हात मागे टेकवून पडणाऱ्याचे मनगट किंवा गळपट्टीचे हाड जाते. तायक्वांदोच्या वर्गात हा भाग बहुधा वगळलेला असतो, म्हणून तिथून आलेल्या काळ्या पट्ट्यालाही किमान दीड-दोन महिने फक्त पडायलाच लावावे. तायक्वांदोची २० ते २५ मिलिमीटरची चटई फेकींना पुरत नाही. ४० मिलिमीटरची लागते.

दोन शैली एकत्र करताना

तंत्रे सहज मिसळतात, सवयी मिसळत नाहीत. ऑलिंपिक लढतीत डोक्यावर ठोसा चालत नाही, त्यामुळे खेळाडूचे हात खाली लोंबतात. हापकिडोत तेच हात आधी पकडले जातात. उलट, हापकिडोवाला समोरच्याची पकड येईपर्यंत थांबतो आणि तायक्वांदोच्या रिंगणात गुण देऊन बसतो. तेक्क्योनचा झोका कुमडोत नेला तर बांबूच्या तलवारीचा वार तिरका पडतो. म्हणून एक शैली पाया मानून तिच्यात पहिला 'दान' (काळ्या पट्ट्याची श्रेणी) मिळेपर्यंत, म्हणजे नियमित सरावाची साधारण तीन वर्षे, दुसरी धरू नये. नंतर आठवड्यातल्या चार दिवसांपैकी तीन पायाच्या शैलीला, एक दुसरीला. एकाच सत्रात दोन्ही करायच्या असतील तर लाथा आधी, फेकी नंतर. थकलेल्या पायांनी उंच लाथ मारणे हे पडून थकण्यापेक्षा जास्त धोक्याचे.

स्पर्धेचे नियमही तंत्र घडवतात. संवेदक असलेली छातीची ढाल आणि मोजे आल्यावर खेळाडू पुढचा पाय उचलून तलवारबाजीसारखा नुसता टोचत राहू लागले. त्यावर उतारा म्हणून गिरकीच्या लाथेला धडावर ४ आणि डोक्यावर ५ गुण दिले गेले. साध्या लाथेला अनुक्रमे २ आणि ३, ठोशाला १. पूर्वी तीन फेऱ्यांचे गुण एकत्र धरत, आता तीनपैकी दोन फेऱ्या जिंकाव्या लागतात.

प्रसार

तायक्वांदो जगभर गेला तो सैन्य, सरकार आणि ऑलिंपिक या तीन वाटांनी. दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक व्हिएतनाममध्ये शिकवत होते, पुढे अनेक देशांत पाठवले गेले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ, २००० मध्ये सिडनीला पदकांचा. बाकीच्या शैलींना असा राजाश्रय मिळाला नाही. हापकिडोच्या तर कोरियातच अनेक संघटना आहेत आणि प्रत्येकीचे प्रमाणपत्र वेगळे. प्रवेश घेताना प्रमाणपत्र कोणाचे मिळणार हे आधी विचारावे. कुक्कीवोनचा दान संस्थेच्या नोंदीतून तपासता येतो. पहिल्यापासून दुसऱ्या दानाला १ वर्ष, पुढे तिसऱ्याला २, चौथ्याला ३ वर्षे थांबावे लागते, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी 'पुम' मिळतो. सहा महिन्यांत काळा पट्टा देणारा वर्ग काय विकतो आहे हे वेगळे सांगायला नको. एका शैलीचा दान दुसरीत चालत नाही, तिथे पांढऱ्या पट्ट्यापासूनच सुरुवात.

आपल्याकडे शालेय स्पर्धा आणि दहावी-बारावीचे क्रीडागुण यांच्यामुळे वर्ग भरतात, पण त्यामुळेच शिकवणे लढतीच्या गुणांपुरते आक्रसते. पुमसे आणि स्वसंरक्षण, म्हणजे 'होसिनसुल', मागे पडतात.

गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात प्रात्यक्षिक द्यायचे तर ते १२ ते १५ मिनिटांत संपवावे. फळ्या फोडण्याला, 'क्योकपा'ला, टाळ्या मिळतात आणि दुखापतीही तिथेच होतात. फळी चिरते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणून रेषा उभ्या असतील तर ती डाव्या-उजव्या कडांना धरायची. वर-खाली धरली तर तीच फळी कित्येक पट कठीण होते आणि मुलाचा पाय सुजतो. धरणाऱ्याचे कोपर ताठ, एक पाय मागे, बोटे कडेच्या आत न येता बाहेर. तो किंचित मागे सरला तरी फळी फुटत नाही आणि बोल मारणाऱ्याला लागतो. मारणाऱ्याने फळीवर नाही, तिच्या मागे वीतभर अंतरावर नेम धरायचा. पाइनची फळी मिळत नाही म्हणून आपल्याकडे मंगलोरी कौले फोडतात. ती सहज फुटतात, पण तुकड्यांना धार असते. खाली जाड कापड अंथरावे, पहिल्या रांगेतली मुले तीन मीटर मागे बसवावीत आणि पुढचा प्रकार सुरू करण्याआधी जमीन झाडून घ्यावी, कारण त्यानंतरचे सगळे अनवाणी असतात.