हाताला कळणारा हिरवा माणूस

ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडायला खांबावरचं बटण दाबलंत, की त्या डबीच्या बुडाशी हात लावून बघा. बऱ्याच ठिकाणी बोटांना एक छोटासा, खाचा पाडलेला शंकू लागेल. समोर हिरवा माणूस उजळला की हा शंकू गरगर फिरायला लागतो. ज्यांना दिसत नाही, त्यांना सिग्नल सुटल्याचं बोटांनीच कळतं. नॉटिंगहॅम विद्यापीठात १९८०च्या दशकात तयार झालेली ही युक्ती. वर्षानुवर्षं तिथून ये-जा करणाऱ्या कित्येकांना तिचा पत्ताही नसतो.

मग नुसता आवाज का नाही? आवाजही करतात, पण दोन क्रॉसिंग शेजारीशेजारी असली की पंचाईत होते. पलीकडचा बीप आपलाच समजून एखादा सरळ गाड्यांपुढे पाऊल टाकायचा. शंकूचा निरोप मात्र ज्याचा हात, त्यालाच. जपानमध्ये हा गुंता पक्ष्यांवर सोपवलाय. चौकातल्या एका दिशेला कोंबडीच्या पिल्लासारखं ‘पियो पियो’, दुसऱ्या दिशेला ‘कक्को’. कुठला पक्षी बोलला, यावरून कुठला रस्ता मोकळा झाला ते समजतं.

डोळे शाबूत असले तरी रंगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांमागे साधारण आठ जणांचा लाल-हिरव्यात घोटाळा होतो. तिथे आकार कामी येतो. पूर्व बर्लिनचे वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ साली मांडलेला हॅटवाला बघा: लाल असताना फाटकासारखे दोन्ही हात आडवे, हिरवा झाला की लांब ढांग टाकत निघालेला. अंगानं गुटगुटीत, आणि ते उगाच नाही. भरीव आकृतीतून उजेड जास्त येतो. जर्मनी एक झाल्यावर त्याची उचलबांगडी सुरू झाली, तेव्हा लोक भडकले. आज तो पश्चिम बर्लिनमध्येही उभा आहे.

अमेरिकेत हिरवा माणूस नाहीच. चालणारा माणूस पांढरा आणि थांबवणारा पंजा नारिंगी. पंजा लुकलुकू लागला, तर निघालेल्यांनी पलीकडे पोचायचं, नव्यानं कुणी निघायचं नाही. नवखा मात्र रस्त्याच्या मधोमध दचकून थांबतो!

मुंबईत २०२० साली दादर-माहीमच्या काही सिग्नलवर फ्रॉकमधली बाई आली. छानच झालं. पण चित्रातली बाई असो की बाप्या, पायी चालणाऱ्याचा खरा जीव अडकतो तो सेकंदांत.

हे गणित अगदी साधं. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे, म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. गुडघे धरलेल्या आजींचा वेग ०.८ मीटर असेल, तर त्यांना लागणार १५. दहाव्या सेकंदाला त्या अजून ४ मीटर अलीकडेच! सिंगापूरनं २००९पासून यावर तोड काढली. ज्येष्ठांनी आणि अपंगांनी आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवायचं. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे हिरवा माणूस ३ ते १३ सेकंद जास्त थांबतो. गाडीवाले तेवढा वेळ ब्रेकवर पाय ठेवून बसतात.