कॅन्सर तेवढेच, मृत्यू निम्मे

एका गटातल्या १२७ बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या गटात ११८ जणींना. पहिल्या गटाची तपासणी झाली होती, दुसऱ्याची झाली नव्हती. आकडे एवढेच सांगितले तर कुणीही म्हणेल, मग तपासणीचा उपयोग काय झाला? पहिला गट जरा मोठा होता, हे लक्षात घेऊन प्रमाण काढलं तरी दोन्हीकडे दर दहा हजारी ३७च्या आसपासच आकडा येतो. म्हणजे बरोबरी.

आता पुढचे दोन आकडे. तपासलेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, न तपासलेल्या गटात ६४.

ही गोष्ट उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या धाराशिवची. १९९९ साली तिथे सुरू झालेल्या या अभ्यासाचे निकाल २००९च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांचा विचार त्यामुळे बदलला. आपल्याकडे मात्र हे फारसं कुणाला माहीत नाही. मराठवाड्यातल्या लोकांनाही नाही.

उस्मानाबादच का, तर शेजारी बार्शी होती. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि तिथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. शहरात अशी नोंदणी सोपी असते. हॉस्पिटलांत जायचं, केसपेपर काढायचे, उतरवून घ्यायचे. खेड्यातली बाई हॉस्पिटलपर्यंत पोचतच नसे, मग तिची नोंद करणार कुठून? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. अंगावरून पांढरं जातंय का, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसतंय का, हे विचारत फिरले आणि शंका आली त्या बाईला तपासायला घेऊन आले. काम होतं मोजणीचं, पण नुसत्या या विचारपुशीने बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यात यायला लागल्या. मला या सगळ्या प्रकरणात हा तपशील फार आवडतो. मोजायला गेलेल्या माणसांमुळे मोजायची गोष्टच बदलली.

आजाराचं कारण तोवर कळलं होतं. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझन यांनी १९८३-८४ मध्ये या कॅन्सरच्या गाठींत त्याचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि अगदी सर्रास आढळतो. त्यामुळे तो सापडला म्हणून बाईच्या किंवा नवऱ्याच्या वागणुकीवर शंका घ्यायचं कारण नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडतो, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडवतो, आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. एवढा लांब अवधी देणारे कॅन्सर थोडेच. बिघडलेला भाग वेळेत सापडला तर गोठवून किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढून टाकता येतो, बाई त्याच दिवशी घरी जाते.

प्रश्न होता तो सापडवायचा कसा, आणि तेही अशा जिल्ह्यात जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ मोजके आणि पेशीतज्ज्ञ जवळजवळ नाहीतच.

तीन मार्ग होते. पहिला जुना आणि प्रतिष्ठित, पॅप स्मिअर. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी बघायची. दुसरा सगळ्यात स्वस्त. सुमारे ४ टक्क्यांच्या अ‍ॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याच आम्लात, कापसाचा बोळा बुडवून गर्भाशयमुखावर लावायचा, एक मिनिट थांबायचं आणि चांगल्या उजेडात नीट बघायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग दाट पांढरा, ठसठशीत कडांचा दिसतो. निकाल तिथल्या तिथे. पण बघणाऱ्याच्या नजरेवर सगळी भिस्त, कारण साधी सूज असली तरी थोडं पांढरं दिसतंच. तिसरा मार्ग त्या काळी नवा आणि महाग होता: बारीक ब्रशने नमुना घ्यायचा, नळीत घालायचा आणि प्रयोगशाळेत एचपीव्हीचा डीएनए आहे का ते तपासायचं. इथे नजरेचा प्रश्न नाही, यंत्रच हो किंवा नाही सांगतं.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका या अभ्यासात होत्या. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह पाडले आणि कुठल्या समूहाच्या वाट्याला काय येईल हे नशिबावर सोडलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. ३४,१२६ जणींच्या वाट्याला एचपीव्ही चाचणी आली, ३२,०५८ जणींच्या पॅप स्मिअर, ३४,०७४ जणींच्या आम्लाची तपासणी. उरलेल्या ३१,४८८ जणींच्या वाट्याला नेहमीचीच परिस्थिती आली: आजाराची माहिती दिली, तपासून घ्यायचं तर कुठे जायचं ते सांगितलं, बस्स.

चिठ्ठ्या बायकांच्या न टाकता गावांच्या का टाकल्या? गाव डोळ्यांपुढे आणा. एकाच घरातल्या दोन जावा, थोरलीची तपासणी होणार आणि धाकटीची नाही, हे कोण ऐकून घेईल? शिवाय थोरलीला नर्सने सांगितलेलं रात्री चुलीपाशी धाकटीला कळणारच, मग दोघींची तुलना करायची कशी? अख्खं गाव एका बाजूला ठेवलं की ही भानगड उरत नाही.

आणखी एक शिस्त अशा अभ्यासात पाळावी लागते आणि बाहेरून बघणाऱ्याला ती विचित्र वाटते. एचपीव्ही गटातल्या सगळ्याच काही तपासणीला आल्या नाहीत. शंभरातल्या वीसेक जणी राहिल्या. शेवटचा हिशेब करताना त्या वीस जणीही तपासलेल्या गटातच धरल्या. अन्याय वाटतो ना? पण त्यांना वगळलं तर उरतात त्या आपल्या पायाने आलेल्या, थोड्या शिकलेल्या, प्रकृतीची काळजी घेणाऱ्या, घरून परवानगी मिळालेल्या बायका. त्यांचे मृत्यू तसेही कमी निघतील आणि श्रेय फुकट चाचणीला जाईल.

आता ते १२७ आणि ११८. न तपासलेल्या गावांतले कॅन्सर त्रास सुरू झाल्यावर कळले. रक्त जायला लागलं, कंबर मोडून आली, मग कुणीतरी हॉस्पिटलात नेलं. ११८ पैकी ८२ जणींमध्ये तो पुढच्या टप्प्यात, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाहेर पसरलेला होता. एचपीव्ही गटातल्या १२७ पैकी असे पुढे गेलेले ३९ होते. बाकीचे बहुतांश पहिल्या टप्प्यात, बाईला कसलाही त्रास नसताना सापडले. पहिल्याच तपासणीत आधीपासून दडून बसलेले कॅन्सर एकदम उजेडात येतात, म्हणून एकूण आकडा फुगतो. पुढे होणारे कॅन्सर वेळीच केलेल्या उपचारांनी टळतात, म्हणून तो उतरतो. आठ वर्षांच्या हिशेबात दोन्ही बाजू जवळपास फिटल्या.

इथे कुणी विचारेल, मग निदानानंतर किती वर्षं जगल्या ते का नाही मोजलं? जाहिरातींत तर तोच आकडा असतो. तो फसवा आहे. समजा, एका बाईचा कॅन्सर २००५ साली त्रास झाल्यावर कळला आणि ती २००७ मध्ये गेली. निदानानंतर दोन वर्षं. तिचाच कॅन्सर २००१ मध्ये तपासणीत सापडला असता आणि तरी ती २००७ मध्येच गेली असती, तर कागदावर सहा वर्षं दिसली असती. आयुष्य एका दिवसाने वाढलेलं नाही, वाढला तो फक्त आजार माहीत असण्याचा काळ. म्हणून गटातल्या सगळ्या बायकांपैकी त्या आजाराने गेल्या किती, हाच सवाल विचारायचा. दहा हजारी हिशेबाने एचपीव्ही गटात १० गेल्या, न तपासलेल्या गटात २०. पॅप स्मिअर आणि आम्लाच्या गटांत हा आकडा १७ आणि १६ होता. म्हणजे कमीच, पण निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतपतच फरक.

हा निकाल अनेकांना रुचला नाही, विशेषतः आम्लाच्या तपासणीबाबतचा. त्याआधी २००७ मध्ये तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात नर्सनी केलेल्या त्याच तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटवले होते. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने फक्त चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायकांकडून दर दोन वर्षांनी ती करून घेतली, तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मला यात विरोध दिसत नाही. नजरेची तपासणी बघणारीच्या तालमीवर आणि पुन्हापुन्हा होण्यावर उभी असते. उस्मानाबादेत ती एकदाच झाली. एचपीव्ही चाचणीला ती एक वेळ पुरली, कारण तिचं 'नाही' पक्कं होतं: 'नाही' आलेल्या बायकांमध्ये पुढे वर्षाला लाखात ३.७ कॅन्सर निघाले, पॅपमध्ये 'नाही' आलेल्यांत १५.५. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी हीच चाचणी करा असं सांगितलं, त्यामागे उस्मानाबादचे आकडे आहेत.

पण त्या ६४ जणींचं काय?

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. पॅप स्मिअरने हा कॅन्सर कमी होतो हे श्रीमंत देशांना माहीत असताना हजारो गरीब बायकांना तपासणीशिवाय ठेवून त्यांचे मृत्यू मोजणं नीतीत बसतं का? संशोधकांचं उत्तर असं की भारतात तेव्हा खेड्यातल्या बाईला कुठलीच तपासणी मिळत नव्हती. आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही आणि खेड्यात काय चालतं हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळलं नसतं. मला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्ही अपुऱ्या वाटतात. पॅप स्मिअरची कीर्ती मोठी, पण उस्मानाबादच्या अभ्यासात चांगली प्रयोगशाळा उभारूनही तिचा फायदा सिद्ध झाला नाही, हे तुलनेचा गट नसता तर कळलंच नसतं. आणि तरीही, तो गट परदेशातल्या एखाद्या सुखवस्तू उपनगरात कुणी ठेवला असता असं मला वाटत नाही.

याच भागातला दुसरा एक आकडा इथे आठवतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितल्याच्या कितीतरी कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. ते न तपासलेले ३१,४८८ पुन्हा बघा. आठ वर्षांत कॅन्सर ११८ जणींना, हजारात चारपेक्षा कमी. ज्या आजाराच्या धाकाने पिशव्या निघाल्या, त्याचा खरा धोका किती आणि तो एका ब्रशने कसा हेरता येतो, याचा हिशेब शेजारच्या जिल्ह्यात दहा वर्षं आधीच झालेला होता.

याच विषाणूवरच्या लसीच्या बाबतीत नशिबाने वेगळाच खेळ केला. २००९ मध्ये बार्शी, पुणे आणि देशातल्या इतर काही ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघणारा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात वेगळ्याच एका प्रकल्पात लस दिलेल्या सात मुली दगावल्या. बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणं पुढे निघाली, लसीचा संबंध आढळला नाही. मात्र पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं आणि तो राग योग्यच होता. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने सगळंच थांबवलं, बार्शी-पुण्याचंही. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला.

संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं भेटत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला. १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण तीन डोसांनी ९३.३ टक्के, दोन डोसांनी ९३.१ टक्के, एका डोसाने ९५.४ टक्के. म्हणजे फरक नाहीच. केनियातल्या एका अभ्यासातही तसंच दिसलं आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकच डोस चालेल असं मान्य केलं. गरीब देशांसाठी हा खर्च निम्म्यावर आणणारा निर्णय होता.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आम्लाची तपासणी निवडली, दर पाच वर्षांनी एकदा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या १.९ टक्के निघाल्या.

बार्शीत तेव्हा दंडावर एक टोचणी घेऊन दुसरीची वाट बघत राहिलेल्या मुली आता तिशीला येऊन ठेपल्या आहेत. तपासणी सुरू करायचं वय हेच.