कांगल: मेंढरांत वाढणारा राखणदार

तुर्कस्तानात अनातोलियाच्या पठारावर सिवास नावाचा प्रांत आहे, त्यातला कांगल भाग म्हणजे कांगल या मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचं मूळ गाव. हिवाळ्यात तिथे बर्फ, उन्हाळ्यात कोरडं कडक ऊन आणि आसपास लांडगे, म्हणून कांगलच्या अंगावर दुहेरी केस असतात, आतला थर दाट आणि वरचा जरा राठ. रंग मातकट पिवळसर, तोंड काळं. मोठा नर खांद्यापाशी साधारण 75 सेंमी उंच आणि 50 ते 60 किलोचा भरतो, मादी थोडी लहान. लांडगा मानेला धरतो म्हणून मेंढपाळ याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात.

इंटरनेटवर याच्या चाव्याच्या ताकदीचे आकडे फिरत असतात, पण मला विचाराल तर या कुत्र्याची खरी कमाल चाव्यात नाहीच, ती आहे तो मेंढरांना काहीच करत नाही यात. कारण बघा ना, कुत्रा शेवटी लांडग्याच्याच वंशातला, आणि लांडग्याचा शिकारीचा क्रम ठरलेला असतो, आधी नजर रोखायची, मग दबकत जायचं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं. बॉर्डर कॉली मेंढरं हाकतो तो यातल्याच पहिल्या दोनतीन पायऱ्या वापरून, माणसाने निवड करकरून त्याच्यात त्या वाढवल्या आणि पुढच्या दाबल्या. राखणदार जातींमध्ये हा सगळा क्रमच मंदावलेला असतो, त्यामुळे समोरून मेंढरू पळालं तरी मागे धावायची ओढ त्यांना फारशी होत नाही.

पण नुसत्या रक्तावर भागत नाही. पिल्लू साधारण 3 आठवड्यांचं झाल्यापासून 3-4 महिन्यांचं होईपर्यंत ज्यांच्यात वाढतं त्यांना ते आपलं मानतं, म्हणून त्याला याच वयात कळपात सोडतात, ते तिथेच झोपतं, तिथेच खेळतं. हे वय निघून गेलं की नंतर कितीही ट्रेनिंग द्या, ती जवळीक तशी तयार होत नाही. आणि वर्षभराचं अर्धवट वयाचं कुत्रं खेळता खेळता कोकरांचे कान ओढतं, मागे धावतं, त्या काळात मेंढपाळाला डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. पूर्ण शहाणपण यायला दीड-दोन वर्षं जातातच.

कामाची पद्धतही बघण्यासारखी असते, दिवसा उंचवट्यावर पडून राहणार, अंधार पडायला लागला की फेऱ्या चालू. काही हललं की आधी भुंकतो, मग कळप आणि धोका यांच्यामध्ये जाऊन उभा राहतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं कारण जखमी होणं कुठल्याच शिकारी प्राण्याला परवडत नाही.

नामिबियात नेमका याचाच फायदा झाला. चित्ते शेळ्यामेंढ्या खातात म्हणून तिथले शेतकरी त्यांना मारत होते. लॉरी मार्कर यांच्या चीता कॉन्झर्व्हेशन फंड या चित्ते वाचवणाऱ्या संस्थेने 1994 पासून कांगल आणि त्याच्याच जवळच्या अनातोलियन शेफर्ड जातीची पिल्लं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. चित्त्याचं अंग हलकं, सगळी भिस्त वेगावर, पाय दुखावला तर उपाशीच मरेल, त्यामुळे एवढा मोठा कुत्रा अंगावर भुंकला की तो सरळ निघून जातो. संस्थेच्या नोंदींप्रमाणे बऱ्याच शेतांवर जनावरांचं नुकसान 80 टक्क्यांहून जास्त कमी झालं. राखणदार कुत्रा चित्त्याला वाचवतो, मला तर हे फारच सुंदर वाटतं! अर्थात सगळं गोडगोड नाहीये, यातली काही कुत्री कोल्ह्यांना गाठून मारतात असंही तिथल्याच अभ्यासांत दिसलंय, म्हणून कुत्रं दिल्यावरही त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

फ्लॅटमध्ये मात्र कृपा करून पाळू नका. मालक सोबत नसताना स्वतःच निर्णय घ्यायचा हे पिढ्यानपिढ्या त्याच्यात मुरलंय, त्यामुळे हाक मारली की येईलच असं नाही, रात्रभर भुंकणं हे त्याचं कामच आहे, आणि घरी आलेला प्रत्येक अनोळखी पाहुणा त्याच्यासाठी आधी संशयितच असतो.