गोळीचं नाक मऊ पडतं तेव्हा

जानेवारीत परभणीजवळच्या एका शेतात हुरड्याला गेलो होतो. आदल्या रात्री रानडुकरांनी हरभऱ्याचा पट्टा नांगरल्यासारखा उलथून ठेवलेला, म्हणून आगटीभोवतीच्या गप्पा बंदुकीवर घसरल्या. शेतमालकाकडे परवान्याची बारा बोअर आहे. त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ लावला: हजार मीटरवरून एका गोळीत शिकार. 1972च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे, पीक नासणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, हे मी सांगून पाहिलं. त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. "गोळी नळीतून निघाली की आधी वर उठती, मग सरळ जाती. हाव का नाही, गुरुजी?"

नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खालीच पडायला लागते, हातातून निसटलेल्या बोरासारखी. नेम धरायच्या रेषेच्या मानानं नळीच किंचित वर रोखलेली असते, म्हणून ती उठल्यासारखी वाटते. सेकंदाला 800 मीटर वेगानं निघालेली नेहमीची रायफलची गोळी 500 मीटरवर नळीच्या रेषेखाली अडीच मीटरहून जास्त उतरते, आणि तिथं तिचा वेग उरतो साधारण 520. हवा इतका वेग खाते हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजानं 1742 मध्येच दाखवलं होतं. टांगलेल्या लंबकावर गोळी मारायची आणि तो किती झुलला त्यावरून वेग काढायचा, एवढंच त्याचं यंत्र.

शिकारीच्या गोळीला नुसतं पोचून भागत नाही. लागल्यावर तिचं तोंड उमलायला हवं, आणि त्यासाठी बऱ्याच गोळ्यांना 500 ते 550चा वेग लागतो. त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. हे तपासायला 10 टक्के जिलेटिनचा ठोकळा 4 अंशांवर थंड करून ठेवतात. दिसायला थेट खरवस. पण अर्ध्या किलोमीटरवरच्या वीतभर ठोकळ्यावर नेम धरायचा कुणी? म्हणून दारू कमी भरून जवळूनच मारतात, म्हणजे ठोकळ्यावर आदळताना वेग दूरच्या गोळीइतका होतो. चलाखी चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. नळीतल्या आट्यांमुळे, म्हणजे आतून कोरलेल्या पेचदार खाचांमुळे, गोळी सेकंदाला तीनेक हजार गिरक्या घेत निघते. हवेत तिचा वेग झपाट्यानं घटतो, गिरकी मात्र फारशी घटत नाही. कमी दारूच्या गोळीला गिरकीही पहिल्यापासून कमीच, दोन हजारांच्या घरात. मग ठोकळ्यात उमललेली गोळी खरंच 500 मीटरवरच्या गोळीसारखी उमलली, असं छातीठोक म्हणता येत नाही.

दुसरी खोट उष्णतेची, आणि माझा जीव अडकला आहे तो तिच्यात. वेगवान वस्तू हवेच्या घर्षणानं तापते असं आपण शाळेत घोकलं. गोळीच्या टोकापाशी घर्षणाचं काम थोडं. खरं काम दाबाचं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून चार दट्टे मारा, बुडाशी नळी चटका देते. तिथं घासलं काहीच नाही, हवा दाबली गेली. गोळी ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं येते, तेव्हा समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती टोकापुढे चेंगरते, आणि गोळीच्या नजरेनं पाहिलं तर समोरून धावत येणाऱ्या त्या हवेची धावण्याची सगळी ऊर्जा उष्णता होते. हिशेब सोपा आहे: वेगाचा वर्ग करा, 2000नं भागा, तितके अंश वाढ. (एक किलो हवा एक अंशानं तापवायला सुमारे 1005 ज्यूल लागतात आणि गतिज ऊर्जेच्या सूत्रात 2 आहे, म्हणून 2000.) 800च्या वर्गाला भागलं की 320. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42वर असतो, म्हणजे टोकापुढची हवा 360च्या पुढे. आणि लांब पल्ल्याच्या बऱ्याच गोळ्यांच्या टोकाला प्लास्टिक बसवलेलं असतं, त्याचं काय? अॅसिटल जातीचं प्लास्टिक 175 अंशांच्या आसपास वितळतं.

टोक लगेच तापत नाही, उष्णता आत शिरायला वेळ लागतो. म्हणून शंभर-दोनशे मीटरवर वेग मोजून बसणाऱ्यांना वर्षानुवर्षं काहीच दिसलं नाही. डॉप्लर रडारनं, म्हणजे गोळीवर आपटून परतणाऱ्या लहरींवरून वेग मोजणाऱ्या यंत्रानं, गोळीचा पूर्ण प्रवास मोजला गेला तेव्हा पुढच्या टप्प्यात हवेचा अडथळा हिशेबापेक्षा जास्त निघाला. टोक मऊ पडून बोथट होत होतं. कमी दारू भरून जवळून मारलेल्या गोळीचं टोक असं तापतच नाही, ही ती दुसरी खोट. हॉर्नाडी या अमेरिकी कंपनीनं 2015च्या सुमारास हे जाहीर केलं आणि जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची टोकं बाजारात आणली. जाहिरातीत ती रामबाण असल्यासारखी झळकली. तेवढं मनावर घेऊ नका.

त्यात हवाही सगळीकडे सारखी नसते. आपलं पठार पाच-सहाशे मीटर उंचीवर. इथली मे महिन्याच्या दुपारची हवा हिवाळ्यातल्या पहाटेच्या हवेपेक्षा ढोबळमानानं दहा टक्क्यांनी विरळ असते. जुळवून ठेवलेला नेम ऋतू पालटला की लांब पल्ल्याला चुकतो.

पुतण्याला पंपाचं पटेना. गाडीच्या डिकीत हवा भरायचा पंप होता, तो त्यानं आणला, तोंड बोटानं दाबलं, आठ-दहा दट्टे हाणले आणि दुसऱ्या हातानं नळीचं बूड चाचपलं. "आईशपथ, तापलं की!" मग काकांकडे वळून, "आपल्या बारा बोअरचं किती होईल, गुरुजी?" छरा निघतो 400च्या आसपास वेगानं. 400चा वर्ग भागिले 2000, 80 अंश. काकांनी आगटीतनं कणीस काढलं, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात झेललं, आणि आगटीची धग याहून जास्त आहे म्हणाले.