गव्हाला मानवणारा भांगेचा बेवड

भांगेच्या शेतीबद्दल हल्ली जिथे तिथे एक दावा वाचायला मिळतो. हे पीक जमीन सुधारतं, तण मारतं, खत-औषध मागत नाही आणि त्याच रानात वर्षानुवर्षं घेतलं तरी बिघडत नाही, म्हणे. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, हे समजून घ्यायला इटलीच्या उत्तरेकडे, पो नदीच्या खोऱ्यातल्या बोलोन्या आणि फेरारा भागाकडे बघावं. तिथे गहू आणि भांग या दोनच पिकांची फेरपालट पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ही भांग धाग्यासाठीची. वनस्पती तीच, कॅनाबिस सॅटायव्हा, पण नशा आणणारं टीएचसी हे रसायन तिच्यात नावापुरतं असतं. युरोपात आज ज्या वाणांना परवानगी आहे त्यांच्यात ते ०.३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. त्या काळी या वाखाला मोठी मागणी होती ती जहाजांमुळे. शिडं आणि दोरखंड दोन्ही त्याचेच. व्हेनिसच्या आरमारी गोदीत दोर वळण्यासाठी ३०० मीटरहून लांब इमारत बांधलेली होती, आणि तिला लागणारा बराच वाख बोलोन्याकडून येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भांगेच्या धाग्यात रशियाखालोखाल इटलीचं नाव घेतलं जाई.

फेरपालटीचं चक्र दोन वर्षांचं. मार्चमध्ये भांग पेरायची, ऑगस्टमध्ये कापायची. पेंढ्या बांधून शेताजवळच्या तळ्यात दगडाखाली दाबून भिजत घालायच्या. आपल्याकडे अंबाडी किंवा ताग कुजवतात तोच प्रकार. अशी तळी त्या सपाट मुलखात अजूनही जागोजागी दिसतात. रान ऑगस्टमध्येच मोकळं झाल्यामुळे गव्हाच्या पेरणीपर्यंत मशागतीला वेळ मिळे. जूनच्या शेवटी-जुलैत गहू निघाला की पुढची भांग थेट मार्चमध्ये. मधल्या आठ महिन्यांत खरं काम चाले. नांगरट झाली की नांगराच्या तासात, म्हणजे चरीत, माणसं उतरत आणि फावड्याने आणखी खालची माती खणून वर काढत. शेणखत तर भरपूर पडेच, शिवाय शिंगं-खुरांचा भुगाही पडे. तो सावकाश कुजतो आणि पिकाला नत्र पुरवत राहतो. शरद ऋतूत बाकल्याचं शेंगवर्गीय पीक पेरून ते भांगेच्या आधी हिरवळीचं खत म्हणून गाडायचीही चाल होती.

एवढं सगळं भांगेसाठी, कारण पैसा तिच्यात होता. त्याचा आयता लाभ मागून येणाऱ्या गव्हाला मिळे. खोल खणलेली, तणविरहित, खताचा अंश उरलेली जमीन! आपल्याकडचे शेतकरी ज्याला चांगला बेवड म्हणतात तो हाच. म्हणून भांगेमुळे गहू वाढतो हे विधान खोटं नाही, पण त्यात फावड्याचा आणि शेणाचा वाटा केवढा हे सांगणं बहुतेकजण विसरतात.

तरी पिकाचं स्वतःचं म्हणून काही श्रेय आहेच. गव्हावर गहू घेतला की मुळं काळी पाडून कुजवणारी एक बुरशी मातीत वाढत जाते. ती गवतवर्गीय पिकांच्या धसकटांवर जगते. भांग तिला आसरा देत नाही, त्यामुळे एक हंगाम मध्ये भांग आली की तिची उपासमार होते. स्पेनच्या ईशान्य भागातल्या प्रयोगांमध्येही भांगेनंतरच्या पहिल्या गव्हाचं उत्पन्न गव्हावरच्या गव्हापेक्षा सरस दिसलं. म्हणजे यात भांगेची जादू कमी आणि वेगळ्या कुळातलं पीक मध्ये येण्याचा गुण जास्त.

तणांचा दावा जरा नीट तपासायला हवा. धाग्यासाठी भांग दाट पेरतात, एका चौरस मीटरमध्ये दोनशेच्या आसपास रोपं. तीन-चार आठवड्यांत पानांचं छत जुळतं आणि खाली अंधार होतो. त्या अंधारात नुसती तणंच नाही, तर भांगेची कमजोर रोपंसुद्धा मरतात. पीक आपली विरळणी आपणच करतं. तणनाशक न मारता रान स्वच्छ राहतं ते यामुळे. पण फुलांसाठी लावलेल्या भांगेत दोन झाडांमध्ये मीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवतात. तिथे छत जुळायला उशीर लागतो आणि तोवर तणांचं राज्य. गुण झाडाचा कमी, दाटीचा जास्त.

मुळांबद्दलही असंच. भुसभुशीत जमिनीत भांगेचं सोटमूळ मीटरभराहून खोल जातं आणि कुजल्यावर मागे वाटा ठेवतं, हे खरं. पण ट्रॅक्टरने दाबून खाली कडक थर झालेला असेल तर ते थर फोडत बसत नाही, काटकोनात वळून आडवं पसरतं. अशा शेतात झाड उपटून पाहिलं तर मूळ इंग्रजी एल अक्षरासारखं दिसतं आणि त्या जागी पीकही खुरटलेलं असतं. निचरा नसलेल्या, घट्ट जमिनीचं भांगेला वावडंच आहे. बोलोन्याची माणसं उगाच फावडी घेऊन तासात उतरत नव्हती.

आणि खत मागत नाही, हे तर साफ चूक. हेक्टरी ८० ते १२० किलो नत्र ही युरोपातली नेहमीची शिफारस आहे. भांग शेंगवर्गीय पीक नाही; तागाच्या मुळांवर जशा नत्र धरणाऱ्या गाठी असतात तशा तिच्या मुळांवर नसतात. धाग्याच्या पिकाची पानं रानातच गळतात आणि पेंढ्या दवावर कुजवायला शेतातच पसरल्या तर आणखी थोडं परत मिळतं. बी काढून नेलं तर मात्र नत्र आणि स्फुरद दोन्ही गोणीतून बाहेर जातात. म्हणूनच तिच्या आधी वाटाणा किंवा क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकासारखं शेंगवर्गीय पीक असलेलं बरं.

उरला प्रश्न भांगेवर भांग घेण्याचा. याला इतिहासात आधार आहे. फ्रान्सच्या खेड्यांत घराशेजारी भांगेचा एक राखीव तुकडा असे आणि त्यात दरसाल भांगच पेरत. चालून जाई, कारण तुकडा लहान आणि गोठा जवळ. पण मोठ्या क्षेत्रावर तसं केलं की काय साठत जातं, याचं उत्तर आज फ्रान्समध्येच मिळतं. युरोपात सर्वांत जास्त भांग तिथे पिकते, आणि तिथल्या भांग-मोहरीच्या पट्ट्यांत एका परोपजीवी वनस्पतीने शेतकऱ्यांना जेरीस आणलं आहे. निपाणीकडे तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या बंबाखूची ही बहीण. हिच्यात हरितद्रव्य नाही. बी धुळीच्या कणाएवढं, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आणि एका झाडाला अशी हजारो बिया. हे बी मातीत दहा वर्षांहून जास्त काळ पडून राहू शकतं. नुसत्या ओलाव्याने ते उगवत नाही. जवळून योग्य झाडाचं मूळ गेलं आणि त्यातून झिरपणारं रसायन पोचलं की मगच कोंब फुटतो, मुळाला चिकटतो आणि आत घुसून अन्न-पाणी ओढायला लागतो. जमिनीवर तिची निळसर-जांभळी फुलं दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. भांग, तंबाखू, टोमॅटो आणि तिकडची तेलाची मोहरी, चौघंही तिची गिऱ्हाइकं. त्यामुळे भांगेनंतर मोहरी घेऊन आपण पीक बदललं असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याने तिच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

पांढऱ्या बुरशीचंही तसंच. स्क्लेरोटिनिया नावाची ही बुरशी खोडात शिरते, आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे कठीण गोळे तयार करते आणि ते मातीत काही वर्षं तग धरतात. सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, घेवडा अशी तिची यादी लांबलचक आहे, आणि भांगही त्यात आहे. इथे खरी अडचण होते. नत्रासाठी सोयाबीनचा बेवड हवासा वाटतो, पण बुरशीच्या हिशेबात तोच नडतो. मक्याला ही बुरशी लागत नाही, तर मक्याचं खोड पोखरणारी युरोपातली अळी भांगेच्या खोडातही आनंदाने राहते. सगळं वजा करत गेलं की गहू, बार्ली यांसारखी तृणधान्यंच उरतात. बोलोन्याच्या शेतकऱ्यांना या बुरशीचं नावही ठाऊक नसेल, पण त्यांची जोडी बरोबर बसली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये हाच विचार उलट्या बाजूने झाला. बटाटा, साखरबीट, गहू याच चक्राने जमिनीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे सूक्ष्म कृमी, आणि मर रोगाची बुरशी वाढली होती, म्हणून चौथं पीक हवं होतं. भांग लावून पाहिल्यावर मुळांवर गाठी करणाऱ्या काही सूत्रकृमींची आणि मर रोगाच्या एका बुरशीची संख्या घटलेली दिसली. पण भांगेच्या वाणावाणांत फरक होता. अमुक वाण, अमुक सूत्रकृमी असं जोडीनेच बोलावं लागतं. भांगेने सूत्रकृमी जातात असं सरसकट म्हणता येत नाही.

बंद खोलीत दिव्यांखाली, कुंड्यांमध्ये नारळाच्या भुश्शात वाढवलेल्या औषधी भांगेला हे काहीच लागू नाही. तिथे माती बदलता येते, पण कलमांतून आणि छाटणीच्या पात्यांवरून पसरणाऱ्या व्हायरॉइडसारख्या, विषाणूहूनही सूक्ष्म रोगकारकापुढे फेरपालट काय करणार?

इटलीत भांग दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्यांपुढे जवळपास संपली. २०१६ साली तिला उत्तेजन देणारा २४२ क्रमांकाचा कायदा झाला, आणि त्याच्या पहिल्याच कलमात फेरपालटीचं पीक म्हणून तिचा उल्लेख आहे. त्याच देशात दक्षिणेला तारांतोच्या पोलाद कारखान्याशेजारी, जिथल्या मेंढ्या २००८ मध्ये डायऑक्सिन या विषारी रसायनामुळे माराव्या लागल्या, तिथल्या रानात माती शुद्ध व्हावी म्हणून भांग पेरून पाहिली गेली. ती कॅडमियम, शिसं, निकेल असे जड धातू ओढून घेते. म्हणजेच ज्या रानात खाण्यासाठी किंवा औषधासाठी भांग घ्यायची, तिथे आधी काय पिकलं याइतकंच आधी काय सांडलं हेही बघायला हवं.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय भांगेची लागवड गुन्हा आहे. धागा आणि बियांसाठी राज्य सरकारांना मुभा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि २०१८ मध्ये उत्तराखंडने ती वापरली. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना खाद्य म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात हे पीक उद्या रीतसर आलंच, तर सोयाबीन-हरभऱ्याच्या पट्ट्यात ते सहज बसेल असं समजू नये. पांढरी बुरशी या दोन्ही पिकांना लागू शकते. तुलनेने सोपी जागा गहू किंवा ज्वारीच्या जोडीला, आधी ताग गाडून. पण ज्वारीवरची खोडकिडी भांगेच्या खोडाकडे वळते का, हे इथल्या रानात लावूनच तपासावं लागेल.