लेखकांच्या नभोवाणी मुलाखतींचे जतन

नभोवाणीसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या साहित्यिकांच्या मुलाखती मूळ ध्वनिफितींसह, सोबतच्या कागदांसह आणि पुढे कधीही ऐकता येतील अशा स्थितीत ध्वनिसंग्रहात सांभाळून ठेवण्याचे काम. मुलाखत ध्वनिमुद्रित झाली म्हणजे ती जतन झाली, असा समज असतो. तो चुकीचा आहे. ध्वनिमुद्रण बहुधा प्रसारणाच्या सोयीसाठी होई. लेखकाला सवड मंगळवारी आणि कार्यक्रम शुक्रवारी, एवढेच त्यामागचे कारण असे. शुक्रवारी कार्यक्रम झाला की टेप मोकळी. टेप महाग, कपाटे भरलेली आणि कार्यक्रम अधिकाऱ्याच्या डोक्यात पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक, अशा परिस्थितीत ती पुसून पुन्हा वापरणे हाच जगभरच्या केंद्रांवरचा रिवाज होता. जुन्या लेखकांचे जे आवाज आज ऐकायला मिळतात, त्यांतले बरेचसे कुणाचा तरी हात ऐन वेळी थांबला म्हणून उरले आहेत.

आवाज साठवण्याची कल्पना नभोवाणीहून जुनी आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा आणि व्हिएन्ना येथील जगातला पहिला ध्वनिसंग्रह १८९९चा. पण हे सुरुवातीचे संग्रह भाषाशास्त्रज्ञांचे आणि मानवशास्त्रज्ञांचे होते. नभोवाणीच्या आवाजाला संग्रहात जागा मिळाली ती जवळजवळ अपघाताने. लंडनच्या बीबीसीत १९३६ साली मेरी स्लोकम ही हंगामी कारकून म्हणून लागलेली तरुणी होती. जुन्या तबकड्यांचा एक ढीग आवरून टाकून देण्याचे काम तिच्याकडे आले. तबकड्या चाळताना तिला बर्नार्ड शॉ, एच. जी. वेल्स, जी. के. चेस्टरटन, चर्चिल अशी नावे दिसली आणि तिने त्या टाकल्या नाहीत. बीबीसीचा ध्वनिसंग्रह उभा राहिला तो या ढिगाभोवती. वरिष्ठांनी दिलेले काम तिने सांगितल्याप्रमाणे पार पाडले असते, तर या नोंदीतला हा परिच्छेदच नसता.

तरीही गळती मोठी होती. व्हर्जिनिया वुल्फ यांचा आवाज आज फक्त एका ध्वनिमुद्रणात ऐकता येतो. २९ एप्रिल १९३७ रोजी बीबीसीवरून झालेल्या त्यांच्या भाषणाचा तो सुमारे आठ मिनिटांचा तुकडा आहे, मुलाखत नव्हेच. जॉर्ज ऑर्वेल यांचे प्रकरण याहून चमत्कारिक आहे. १९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पौर्वात्य विभागात नोकरीलाच होते. हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी बातमीपत्रे लिहिणे, लेखकांना माईकपुढे आणणे, स्वतः बोलणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांनी लिहिलेली इंग्रजी बातमीपत्रे भाषांतरित होऊन मराठीतूनही जात, आणि त्यांच्या विभागात वेणू चितळे या मराठी लेखिका काम करत होत्या. १९४२चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, वेणू चितळे, नारायण मेनन बसलेले आहेत, मध्यभागी माईक आहे आणि मागे ऑर्वेल उभे आहेत. मेनन पुढे आकाशवाणीचे महासंचालक झाले आणि नंतर मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत आले. छायाचित्र राहिले, टंकलिखित संहिताही कागदपत्रांत सापडल्या. ऑर्वेल यांचा आवाज मात्र एका सेकंदापुरताही उरलेला नाही. दोन वर्षे रोज माईकच्या सहवासात काढलेल्या माणसाची ही गत.

मुलाखतींचा संग्रह म्हणून बारकाईने पाहण्याजोगे उदाहरण शिकागोचे आहे. स्टड्ज टर्केल (१९१२–२००८) यांनी डब्ल्यूएफएमटी या केंद्रावर १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षे मुलाखतींचा कार्यक्रम केला. जेम्स बाल्डविन, सिमॉन द बोव्हार, ग्वेन्डोलिन ब्रूक्स, टोनी मॉरिसन, माया अँजेलो अशी त्यांच्यासमोर बसलेल्या लेखकांची यादी लांबलचक आहे. टर्केल पुस्तक वाचून येत. नुसते चाळून नव्हे, तर रेघा मारून, समासात खुणा करून. प्रश्न विचारताना ते पुस्तकातला उतारा स्वतः वाचून दाखवत आणि लेखक आपल्याच वाक्यावर थबकून बोलू लागे. पण यंत्राशी या माणसाचे कधी जमले नाही. चुकीचे बटण दाबून नर्तकी मार्था ग्रॅहम आणि नट मायकेल रेडग्रेव्ह यांच्या मुलाखती आपणच घालवल्या, हे ते हसत हसत सांगत. एवढे होऊनही सुमारे ५,६०० कार्यक्रम शिल्लक राहिले. ते शिकागो इतिहास संग्रहालयाकडे आले, २०१० पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांच्या अंकीकरणाला हात घातला आणि २०१८ साली ते लोकांना ऐकण्यासाठी खुले होऊ लागले.

डॉन स्वेम यांच्या मुलाखतींतून दुसरीच गोष्ट ध्यानात येते. सीबीएस नभोवाणीवरचा त्यांचा पुस्तकविषयक कार्यक्रम जेमतेम दोनेक मिनिटांचा असे, मात्र त्यासाठी लेखकाशी त्यांचे बोलणे अर्धा-पाऊण तास चाले. श्रोत्यांना मिळाला तो त्यातला चिमूटभर भाग. स्वेम यांनी अख्ख्या टेपा ठेवल्या आणि पुढे ओहायो विद्यापीठाने त्या जशाच्या तशा ऐकायला उपलब्ध केल्या. म्हणून संग्राहक प्रसारित प्रतीपेक्षा कच्च्या टेपेच्या मागे अधिक असतो. लेखकाने उत्तर अर्धे सोडून पुन्हा सुरू केले, प्रश्नावर चिडला, पाणी मागितले, ‘हे घेऊ नका हं’ म्हणाला. प्रसारणात कात्री लागते ती यालाच, आणि पन्नास वर्षांनी अभ्यासकाला हवे असते तेही हेच.

टेपेची स्वतःची दुखणी आहेत. नभोवाणीची नेहमीची टेप पाव इंच रुंदीची. सात इंची स्पूलवर १,२०० फूट टेप बसे आणि सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटे चाले. अर्ध्या तासाची मुलाखत आणि मागेपुढे थोडी जागा, असा तो हिशेब होता. जुन्या टेपेचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असे. तो कुजू लागला की डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास नाकात शिरतो आणि फीत आक्रसून कडांना वळलेली दिसते. नंतरच्या पॉलिएस्टर फिती दणकट निघाल्या, पण १९७०–८०च्या दशकांतल्या काही टेपांमध्ये चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषून सैल पडतो. अशी टेप यंत्रावर चढवली की किंचाळल्यासारखा आवाज करत अडकते आणि हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल सोडते. त्यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटेल: टेप पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत काही तास, कधी काही दिवस ठेवायची. थर तात्पुरता घट्ट होतो, आणि तेवढ्या मुदतीत तिची प्रत काढून घ्यायची. अ‍ॅसिटेटच्या टेपेला हा उपचार चालत नाही, त्यामुळे आधी टेप ओळखता आली पाहिजे. कोकणपट्टीच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीची भर पडते ती वेगळीच.

आणखी एक खोड म्हणजे पाझर. घट्ट गुंडाळलेल्या स्पूलमध्ये एका वेढ्यावरचे चुंबकन शेजारच्या वेढ्यावर उमटते आणि लेखक बोलायला लागण्याआधीच त्याच्या पहिल्या शब्दाची पुसट सावली ऐकू येते. यासाठी जाणते लोक टेप उलटी, म्हणजे शेवट बाहेर येईल अशी गुंडाळून ठेवतात. मग सावली शब्दाच्या मागून येते आणि प्रतिध्वनीत खपून जाते.

टेपेची संगणकीय प्रत काढताना ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे ‘इआसा’चा दंडक बहुतेक ठिकाणी मानला जातो: सेकंदाला आवाजाचे किमान ४८,००० आणि शक्यतो ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, आणि जागा वाचवण्यासाठी काहीही न गाळणारी वेव्ह फाइल. या मापाने तासाभराच्या एकपदरी (मोनो) मुद्रणाला सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. नुसत्या बोलण्यासाठी एवढा थाट कशाला, असे लेखापाल विचारतातच. उत्तर असे की खरखर, टेपेची सळसळ, खोलीचा घुमारा हेही जसेच्या तसे टिपले, तरच पुढे चांगली साधने आल्यावर त्यातून आवाज वेगळा काढता येतो. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर, पहिलीला हात लावायचा नाही. घाई आहे ती यंत्रांची. टेप बरी असली तरी ती वाजवणारी यंत्रे, त्यांचे हेड आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. युनेस्को आणि इआसा यांनी २०१९ साली चुंबकीय फितींबाबत जागतिक इशारा मोहीम काढली ती याच कारणाने.

इतके सगळे करूनही डब्यावर चिठ्ठी नसेल तर हाती उरतो एक अनोळखी आवाज. टेपेबरोबर क्यू शीट असते. तिच्यावर कार्यक्रमाचे नाव, मुलाखतकार, मुद्रणाची आणि प्रसारणाची तारीख, कालावधी, सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द असे तपशील असतात. शेवटचे शब्द वास्तविक ड्यूटीवरच्या माणसासाठी लिहिलेले असत, म्हणजे पुढची टेप केव्हा सुरू करायची ते त्याला कळावे. आज त्यांवरूनच मुलाखत पुरी आहे की कापलेली, हे ताडता येते. डब्यावर नुसतेच ‘कवीची मुलाखत, भाग २’ असे लिहिलेले असेल आणि आतल्या फितीवर निवेदनच नसेल, तर आवाज ओळखणारे जुने माणूस शोधत फिरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यंत्रासाठी अनुदान सहज मिळते. नोंदी करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मिळत नाही, ही या क्षेत्रातली नेहमीची रड आहे.

मराठीपुरते बोलायचे तर मुंबईत नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाली. राम गणेश गडकरी १९१९ मध्येच गेलेले होते, तेव्हा त्यांच्या मुलाखतीचा प्रश्नच आला नाही. पुढे नागपूर केंद्र १९४८ मध्ये आणि पुणे केंद्र १९५३ मध्ये आले. आकाशवाणीने ध्वनिमुद्रणे जपण्याची आणि केंद्रांनी ती आपसांत देण्याघेण्याची स्वतंत्र यंत्रणा १९५४ साली दिल्लीत उभी केली. हा काळ बा. वि. केसकर यांच्या मंत्रिपदाचा. चित्रपटगीतांवर आणलेल्या बंधनांमुळे त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, पण बाहेरचे लेखक-कलावंत निर्माते म्हणून आकाशवाणीत आणण्याची पद्धतही त्यांच्याच काळात रुजली. पु. ल. देशपांडे, पुण्याला व्यंकटेश माडगूळकर, मुंबईला मंगेश पाडगावकर अशी माणसे आकाशवाणीत नोकरीला होती. त्यामुळे मराठीत एक मजेशीर स्थिती निर्माण झाली: माईकच्या दोन्ही बाजूंना लेखक. अशा मुलाखतीत मुलाखतकाराचा प्रश्नही उत्तराइतकाच जपण्यासारखा असतो, आणि सूचीत त्याचे नाव न घालणे ही चूक ठरते. आकाशवाणीच्या संग्रहात नामवंतांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या नभोवाणी आत्मकथांचा विभागही आहे. नभोवाणीबाहेरचा एक प्रयत्न लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नवी दिल्ली कार्यालयाचा. २००० पासून त्याने दक्षिण आशियातल्या लेखकांचे आपापल्या भाषांतले वाचन ध्वनिमुद्रित केले. ते वाचन आहे, गप्पा नव्हेत. तरी उच्चारांसाठी मोलाचे.

हक्कांचा गुंता सुटायला वेळ लागतो. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा, प्रसारण संस्थेचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा आणि लेखकाच्या साहित्यावरचा हक्क त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंतचा. मुलाखतीत लेखकाने मध्येच दोन कविता म्हटल्या की एकाच स्पूलवर या वेगवेगळ्या मुदती एकत्र येतात. बहुतेक संग्रह म्हणूनच येऊन ऐकण्याची मुभा देतात, प्रत देत नाहीत.

मुलाखतीचे शब्दांकन छापून झाले की टेप कशाला ठेवायची, हा प्रश्नही अधूनमधून येतो. शब्दांकन करणारा ‘म्हणजे’, ‘काय आहे’, ‘बघा ना’ हे गाळतो, अर्धी वाक्ये पुरी करतो आणि बोलीतला ‘व्हतं’ प्रमाण ‘होतं’ करून टाकतो. मात्र हे त्याने नाही केले तरी लिपीची अडचण उरतेच. मराठीतल्या च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि देवनागरी ते वेगळे दाखवत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, तिथला ज तालव्य, ‘जीव’मधल्यासारखा, ‘जग’ म्हणजे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, तिथला ज दंततालव्य, ‘जोर’मधल्यासारखा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. एखाद्या कवीने मुलाखतीत स्वतःची ओळ म्हणून दाखवताना त्यांतला कुठला ज उच्चारला, ते टेप लावल्याशिवाय कळत नाही.